साटंलोटं आणि सेंटिमॉर्गन

मार्च 2025 मध्ये अमेरिकेतल्या 'ट्वेंटीथ्री अँड मी' या डीएनए चाचणीच्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. आमच्या नाचणगावात त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. आमच्या घरात मात्र पडझड झाली. न्यू जर्सीतल्या बहिणीचं खातं दुसऱ्याच कंपनीत, तरी तिने धसका घेऊन सगळा डेटा पुसला. तिच्या पाठोपाठ टेक्सासच्या मामेभावाने, मग त्याच्या पुतण्यांनी. जुलैत सहसंस्थापक ॲन वोजिस्की यांच्याच नव्या संस्थेने 30.5 कोटी डॉलरला तो कारभार पुन्हा उचलला, पण तोवर आमची नातलगांची यादी ओस पडली होती. त्यांना तरी काय बोलणार? 2023 मध्ये 'ट्वेंटीथ्री अँड मी'च्या 69 लाख ग्राहकांची माहिती चोरट्यांच्या हाती लागली होती.

या धंद्याची पहिली दहा वर्षं माझ्या लेखी फुकट. 2000 पासून टेक्सासमधली 'फॅमिली ट्री डीएनए' बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र तपासून द्यायची. बापाचा बाप, त्याचा बाप हा पाढा आमच्या भावकीला तोंडपाठ होता; त्यासाठी नमुना कशाला पाठवायचा? खरी गंमत पुढच्या दशकात आली. आईकडचं आणि बापाकडचं सारख्याच हिशेबाने मोजणारी चाचणी 2012 च्या अखेरीस 99 डॉलरवर उतरली आणि तिकडच्या आपल्या पोरांनी हौसेने नळ्या भरल्या.

निकालात मिळायची नातलगांची यादी आणि प्रत्येकापुढे सेंटिमॉर्गनचा आकडा, म्हणजे दोघांत डीएनएचे किती लांबीचे तुकडे सारखे आहेत त्याचं माप. न्यूयॉर्कचे वकील ब्लेन बेटिंगर यांनी 2015 पासून लोकांकडून असे आकडे गोळा केले. सख्ख्या चुलत-मावस भावंडांत सरासरी 866, त्यांच्या मुलांमुलांत 229, नातवंडांत 73. त्यापुढे तर खरे नातलग असूनही एकही तुकडा न जुळणं नवलाचं नाही. कोष्टक चोख आहे, पण आकडे कळवणारे बहुतेक गोरे. आमच्याकडच्या सोयरिकी त्या कोष्टकात बसत नाहीत.

आमच्या घरात ते रात्री दोनच्या फोनने कळलं. बहीण आणि टेक्सासचा मामेभाऊ यांच्यात सतराशेच्या पुढे सेंटिमॉर्गन जुळले आणि यादीने त्यांना सावत्र भावंडं ठरवलं. "बाबांचं काही होतं का गं?" बहिणीने आईला दबक्या आवाजात विचारलं. आई झोपेतच खेकसली, "येडी का तू? तुझी मामी म्हणजे तुझी आत्याच ना!"

लग्न साट्यालोट्याचं. एकाच मांडवात बाबांना मामाची बहीण आणि मामाला बाबांची बहीण. हुंडा वाचला, लेकी ओळखीच्या घरात पडल्या. अशा दुहेरी भावंडांत पंचवीस टक्के डीएनए सारखा निघतो, सावत्र भावंडांत निघतो तितकाच. फरक कळतो तो तुकडे उलगडून पाहिल्यावर. दोघांनी डीएनएच्या फाइली 'जीईडीमॅच' या संकेतस्थळावर चढवल्या. एकाच बाजूने जुळणारा भाग तिथे पिवळा दिसतो, दोन्ही बाजूंनी जुळणारा हिरवा. केवळ बाप एक असेल तर हिरवं जवळपास काहीच दिसत नाही. इथे पिवळ्यात जागोजागी हिरवे पट्टे उमटले होते. बाबांची अब्रू त्या पट्ट्यांनी वाचवली.

त्यातून मामाची मुलगी करायची रीत, आणि सोयरीक जुळायची ती जातीतच, देवळी, आर्वी, फार तर नदीपलीकडच्या धामणगावापर्यंत. पिढ्यान्‌पिढ्या तेच रक्त फिरलं की दूरचा माणूस जवळचा भासतो. हैदराबादच्या सीसीएमबीचे थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राईख यांच्या 2017 च्या अभ्यासात तर भारतातले कितीतरी समाज याबाबत युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंच्याही पुढे निघाले. म्हणून आमच्यासारख्यांनी नुसती बेरीज पाहू नये, सर्वांत लांब तुकडा पाहावा. नव्वदची बेरीज आठ-नऊच्या चिंध्यांची असेल तर ती जुन्या सोयरिकींची गोळाबेरीज. त्यात चाळीसचा सलग तुकडा असेल तर नातं अलीकडचं.

पण नातं अलीकडचं असलं तरी ते कोणतं, हे यंत्र सांगत नाही. कॅनडातल्या एका धामणगावकराशी आमचा असाच लांब तुकडा जुळला. दोघांनाही लागणारे समान नातलग काढावेत, म्हणजे बाजू कळते, असं म्हणतात. आमच्या यादीत आईकडचे आणि बाबांकडचे सगळेच तिथे हजर! गुंता सोडवला आत्याने, फोनवर. पणजीचं माहेर, लग्नानंतर बदललेलं तिचं नाव, तिच्या बहिणी कुठे दिल्या, सगळं तिने एका दमात सांगितलं. 2021 च्या उन्हाळ्यात आत्या गेली आणि आमचा कारभार तिथेच थांबला.

कारण कागदावर काहीच नव्हतं. भावकीतल्या एका काकांनी वंशावळ छापून, लॅमिनेट करून घरोघर वाटली होती. आठ पिढ्या, बाई एकही नाही. विचारलं तर म्हणाले, "बायकांची नावं कोण लिहितं?" सरकारचंही तेच. जातपडताळणीला रक्ताचे नातलग लागतात ते वडिलांकडचे. 2023 पासून मोडी दफ्तरं आणि कोतवाल बुकं चाळली जाताहेत ती एका जातीच्या नोंदीसाठी; आमच्या घरच्या नकलेत बापाचं नाव आहे, जात आहे, आईचा पत्ता नाही. जानेवारी 2024 मध्ये जातीच्या दाखल्यासाठी सगेसोयऱ्यांची नातीही धरण्याचा सरकारी मसुदा निघाला, त्यावर रान उठलं. पण सोयरीक सिद्ध करायला आजीचं माहेर सांगावं लागतं, हे बोलताना मी कुणाला ऐकलं नाही.

पुतणीने आता वंशावळ नव्याने लिहायला घेतली आहे, प्रत्येक सुनेपुढे माहेरचं नाव आणि गाव घालून. निम्म्या जागा कोऱ्या आहेत. भावकी विचारते, याने कोणता दाखला मिळणार? एकही नाही. पण उद्या यादीत नव्वद सेंटिमॉर्गनचा अनोळखी माणूस उगवला, तर कोणत्या गावी फोन लावायचा एवढं तरी कळेल. काकांच्या वंशावळीत बघून ते आजवर कुणालाही कळलेलं नाही.