मॉरिशसचं ५० रुपयांचं चांदीचं नाणं, १९७५

वन्यजीव संवर्धनासाठी निघालेल्या आंतरराष्ट्रीय नाणेमालिकेतलं हे माझं सर्वांत लाडकं नाणं! यावर आहे मॉरिशस केस्ट्रेल, छोटा शिकारी पक्षी. जंगलतोड, डीडीटी हे कीटकनाशक आणि बाहेरून आणलेल्या प्राण्यांमुळे १९७४ मध्ये रानात याचे जेमतेम चार पक्षी माहीत होते. डोडो याच बेटावर कायमचा संपला. केस्ट्रेलला मात्र पिंजऱ्यात पिल्लं वाढवून, रानात सोडून वाचवलं.

दुसऱ्या बाजूला राणी एलिझाबेथ. डच, फ्रेंच आणि १८१० पासून इंग्रज अशा सत्तांनंतर देश १९६८ मध्ये स्वतंत्र झाला, पण प्रजासत्ताक १९९२ मध्ये; तोवर राष्ट्रप्रमुख राणीच होती. इथल्या उसाच्या मळ्यांवर राबलेल्या गिरमिटियांत, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांत, आपली कोकणातली मराठी माणसंही होती.

हे नाणं मिळालं तर कृपया घासून चकचकीत करू नका, त्याची किंमत घटते.