रोमन जोडे कोणाच्या पायांतले?

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तह यांचीच मालिका आमच्या डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु सामान्य माणसांनीं मागें टाकलेल्या क्षुल्लक वस्तूही, नीट विचारपूस केल्यास, मोठी साक्ष देतात. उत्तर इंग्लंडमध्यें सांपडलेल्या रोमन जोड्यांनीं दिलेली अशीच एक साक्ष आम्ही येथें वाचकांपुढें मांडीत आहों.

रोमन सम्राट् हेड्रियन यानें इ. स. १२२ च्या सुमारास ब्रिटनमध्यें तट बांधण्यास आरंभ केला. त्या तटाच्या किंचित् दक्षिणेस विंडोलँडा नांवाचें लष्करी ठाणें त्याच्याही आधीं, इ. स. ८५ च्या सुमारास, वसलें होतें. एक पथक निघून गेलें म्हणजे दुसऱ्यानें जुन्या लांकडी इमारती पाडाव्या, त्यांवर माती पसरावी आणि नवें ठाणें उभारावें, असें तेथें वारंवार घडलें. त्यामुळें खालचे थर ओले राहिले व त्यांत हवेचा शिरकाव झाला नाहीं. हवा नसल्यामुळें चामडें कुजलें नाहीं. आजवर तेथें सुमारें ५,००० पादत्राणें सांपडलीं आहेत. २०१६ सालीं तर एका खंदकाच्या खोदकामांत ४२१ मिळालीं.

आतां हे जोडे कोणाचे, हें कसें ओळखावें? पहिली साक्ष मापाची. परंतु वाळतांना चामडें आकसतें, हें ध्यानांत धरावें लागतें. शिवाय स्त्रीचा पाय आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा पाय मापानें सारखाच असूं शकतो. दुसरी साक्ष बनावटीची. तळाला लोखंडी खिळे दिसले कीं जोडा शिपायाचा, असें वाटतें. पण असे खिळे स्त्रिया व मुलें यांच्या जोड्यांसही असत. म्हणून तिसरी साक्ष, म्हणजे जोडा कोणत्या इमारतींत व कोणत्या थरांत पडला होता ही, सर्वांत महत्त्वाची होय.

एक उदाहरण पाहूं. इ. स. १०० च्या सुमारास फ्लेव्हियस सेरिआलिस हा ठाण्याचा अधिकारी होता. १९७३ पासून तेथें शाईनें लिहिलेल्या लांकडी पट्ट्या सांपडूं लागल्या. त्यांपैकीं एकींत क्लॉडिया सेव्हेरा या बाईनें सेरिआलिसच्या पत्नीला, सल्पिसिया लेपिडिना हिला, आपल्या वाढदिवसाचें आमंत्रण दिलें आहे. सेरिआलिसच्या वाड्याच्या थरांतून मुलांचे जोडे निघाले. त्यांत तान्ह्या मुलाचा एक जोडा मोठ्यांच्या उंची जोड्यासारखा जाळीदार आहे. तेथेंच सांपडलेल्या एका नाजुक चपलेवर कारागिराच्या नांवाचा शिक्का आहे. ती लेपिडिनेची असावी, असा तर्क करतात. मात्र येथें ‘असावी’ हा शब्द गाळतां येणार नाहीं.

अधिकाऱ्याची गोष्ट वेगळी. पण साध्या शिपायांचें काय? दुसऱ्या शतकाच्या अखेरीपर्यंत नोकरींत असतांना त्यांस कायदेशीर विवाह करतां येत नसे. म्हणून ठाण्याच्या तटाआंत, शिपायांच्या बराकींत, केवळ पुरुषच राहत, अशी विद्वानांची समजूत होती. पुढें बराकींतूनही लहान मापाचे जोडे निघाले. कॅरॉल व्हॅन ड्रील-मरे या विदुषीनें ते स्त्रियांचे व मुलांचे असावेत, असें सुचविलें. ते पोरसवदा नोकरांचे असतील, अशी शंका घेणें शक्य होतें. परंतु जो जोडा दोन वर्षांच्या बालकाच्याच पायांत मावेल, तो नोकराचा कसा असेल? एलिझाबेथ ग्रीन यांनीं पुढें दाखविलें कीं, मुलांचे जोडे अगदीं पहिल्या ठाण्यापासून आढळतात. जेथें तान्हीं मुलें, तेथें त्यांस सांभाळणाऱ्या स्त्रियाही असणारच.

कायद्यानें ज्यांस पत्नी म्हटलें नाहीं आणि लष्करी नोंदींत ज्या लेंकरांस स्थान नव्हतें, त्यांच्या वास्तव्याचा पुरावा झिजलेल्या चामड्यानें असा राखून ठेविला. मात्र तोच जोडा कोणी कुतूहलानें उचलून नेला असता व जागेची नोंद राहिली नसती, तर तो मुकाच राहिला असता. म्हणून विद्यार्थिमित्रांस आमचें सांगणें इतकेंच कीं, संग्रहालयांत जुनी वस्तु पाहतांना ‘हिची किंमत काय?’ हा प्रश्न मागें ठेवून ‘ही कोठें सांपडली?’ हें आधीं विचारावें.