पाच मीटर लांबूनच बघा!

अंटार्क्टिकाची कुठलीही रील बघा. निळसर हिमनग, भडक रंगाचं जाडजूड जॅकेट आणि मागून डुलत जाणारा पेंग्विन, एवढं असतंच असतं. रीलमध्ये कधीच दिसत नाही तो व्हॅक्युम क्लीनर. किनाऱ्यावर पाऊल ठेवण्याआधी प्रवाशांचे खिसे, बॅगांचे कोपरे, जॅकेटच्या व्हेल्क्रोच्या पट्ट्या व्हॅक्युमने साफ केल्या जातात. बूट जंतुनाशकात बुडवावे लागतात, तेही प्रत्येक वेळी उतरताना आणि परतताना. एवढा सोपस्कार कशासाठी, तर कुठेतरी अडकलेल्या गवताच्या एखाद्या बीसाठी. ही भीती काल्पनिक नाही. जगभर लॉनवर उगवणारं ‘पोआ ॲन्युआ’ हे साधं गवत माणसांसोबतच अंटार्क्टिकाच्या किंग जॉर्ज बेटावर पोहोचलं आणि तिथे चक्क रुजलं.

अंटार्क्टिकाला जाणारी बहुतेक जहाजं अर्जेंटिनाच्या उशुआया बंदरातून निघतात आणि थेट दक्षिणेला लागतात. काही मात्र चिलीच्या किनाऱ्यावरून, पॅटागोनियाच्या फ्योर्डमधून वाट काढत जातात. वेळ असेल तर हाच रस्ता घ्यावा. फ्योर्ड म्हणजे हिमनद्यांनी कोरलेल्या खोल दऱ्या, ज्यांत नंतर समुद्र शिरला. दोन्ही बाजूंना उभे कडे, मधे शांत, काळसर पाणी आणि बहुतेक दिवस पाऊस. पोप पायस अकरावे यांच्या नावाची पिओ अकरावी ही अवाढव्य हिमनदी इथेच समुद्राला भिडते. आजूबाजूच्या हिमनद्या मागे हटत असताना ही मात्र कित्येक वर्षं पुढे सरकत होती. हवामानबदल सगळीकडे एकाच ठेक्यात चालत नाही, हे तिच्याकडे बघून कळतं.

पण या वाटेवरची खरी गोष्ट बर्फाची नाही, माणसांची आहे. या खाड्यांमध्ये कावेस्कार आणि याघान लोक हजारो वर्षं होड्यांमधून राहिले. हो, राहिलेच, होडीतच मधोमध शेकोटी पेटती ठेवून. युरोपीय दर्यावर्दी १५२० साली आले तेव्हा त्यांना किनाऱ्यावर आगी दिसल्या. त्यावरूनच ‘टिएरा देल फुएगो’, म्हणजे अग्निभूमी, हे नाव पडलं. मागाहून सील मारणारे आले, वसाहती आल्या, गोवरासारखे आजार आले. याघान भाषा मातृभाषा म्हणून बोलणाऱ्या शेवटच्या व्यक्ती क्रिस्तिना काल्देरोन २०२२ मध्ये वयाच्या ९३व्या वर्षी गेल्या. बीगल चॅनेलमधून जहाज जातं तेव्हा जवळच प्वेर्तो विल्यम्स हे गाव लागतं. त्याच्या शेजारच्या वस्तीत त्या राहायच्या. डेकवरचे सगळे तेव्हा डॉल्फिन शोधत असतात, ही गोष्ट वेगळी.

केप हॉर्न मागे पडलं की ड्रेक पॅसेज सुरू होतो. जेमतेम दोन दिवसांचा प्रवास, पण या अक्षांशांवर पृथ्वीला वळसा घालणाऱ्या वाऱ्याला आणि लाटांना अडवायला जमीनच नाही. समुद्र शांत असला तर ‘ड्रेक लेक’, खवळलेला असला तर ‘ड्रेक शेक’. शेक वाट्याला आला तर पोटातलं सगळं बाहेर. सावरलात तर डेकवर जा. साडेतीन मीटरपर्यंत पंख असलेला अल्बाट्रॉस पंख न हलवता जहाजामागे तरंगत असतो.

पलीकडचं डिसेप्शन बेट म्हणजे समुद्राने भरलेलं ज्वालामुखीचं तोंड. जहाज एका चिंचोळ्या फटीतून थेट आत शिरतं. काळ्या वाळूवर गंजलेले प्रचंड बॉयलर उभे आहेत. १९१२ ते १९३१ या काळात इथे देवमाशांची चरबी उकळून तेल काढायचे. तेलाचे भाव पडले तेव्हा भट्ट्या विझल्या. देवमाशांची दया कुणाला आली नव्हती.

म्हणून आजचे नियम कडक आहेत, आणि असायलाच हवेत. १९५९च्या करारामुळे हा खंड शांततेसाठी आणि विज्ञानासाठी राखला गेला. १९९१च्या माद्रिद प्रोटोकॉलने तिथे खाणकामाला बंदी घातली. त्याच वर्षी पर्यटन कंपन्यांची ‘आयाटो’ ही संघटना उभी राहिली. एका ठिकाणी एका वेळी शंभरच प्रवासी उतरणार. पाचशेहून जास्त प्रवासी असलेल्या जहाजातून कुणीच उतरणार नाही. पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं. तो तुमच्याकडे आला तर मागे तुम्ही सरकायचं. बर्ड फ्लू पोहोचल्यापासून जमिनीवर बसायला, गुडघे टेकायलाही मनाई आहे. म्हणजे लो अँगल फोटो विसरा.

हे सगळं छान चाललंय, पण मोजणी केली की पंचाईत होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका हंगामात सहा-सात हजार पर्यटक जायचे. २०२३-२४च्या हंगामात ते १ लाख २० हजारांच्या वर गेले. एका जागी शंभर माणसं, हा नियम प्रत्येक जहाज पाळतं, पण एकूण जहाजं किती असावीत याचा नियमच नाही. त्यात आयाटो ही धंद्यातल्याच लोकांची संघटना, तिचं सभासदत्व ऐच्छिक. २०२२ मध्ये चिलीतल्या संशोधकांनी जहाजांच्या आणि तळांच्या काजळीमुळे बर्फ किती लवकर वितळतो, याचा हिशोब मांडला. तो एका पर्यटकामागे सुमारे ८३ टन निघाला. ‘वितळण्याआधी बघून घ्या’ म्हणत विकलेल्या तिकिटाचा हा हिशोब. पर्यटनासाठी नवी चौकट आखण्याची चर्चा मे २०२४ मध्ये आपल्या कोचीत भरलेल्या अंटार्क्टिक करार बैठकीत सुरू झाली. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात, त्यामुळे घाई नसते.

तिकीट अनेकदा सात आकडी असतं, त्यामुळे ‘जावं की नाही’ हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांसाठी आपोआप सुटलेला आहे. पण अंटार्क्टिकाला जाण्याचा आणखी एक रस्ता गोव्यातून जातो. वास्कोमधली एनसीपीओआर, म्हणजे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र, दरवर्षी भारताची मोहीम पाठवते. ‘मैत्री’ १९८९पासून आणि ‘भारती’ २०१२पासून, असे आपले दोन तळ तिथे सुरू आहेत. तिथे फक्त शास्त्रज्ञ लागतात असं नाही. डॉक्टर, इलेक्ट्रिशियन, मेकॅनिक, स्वयंपाकी, सगळे लागतात. त्यासाठी जाहिराती निघतात आणि निवडीत वैद्यकीय तपासणी कसून होते. काही जण हिवाळाभर तिथेच राहतात, त्यातले काही आठवडे सूर्य उगवतच नाही. हे तळ खंडाच्या पूर्व भागात, क्रूझच्या वाटेपासून फार लांब. रील टाकायला तिथे फारसा वेळ मिळत नसावा. पगार मात्र मिळतो.