गेम ग्रेडिंगला पाठवताय? आधी सील वाचवा!

मी जालना एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात कामाला आहे. माझ्याकडे २००९चा ‘हनुमान: बॉय वॉरियर’ हा प्लेस्टेशन २चा गेम सीलबंद होता. ग्रेडिंगला पाठवायचा म्हणून मी त्याच्यावरच चिकटपट्टी मारली. ती काढताना सील फाटलं! चूक माझीच. आता तो फक्त खेळायला उरलाय.

ग्रेडिंग म्हणजे काय? अमेरिकेतल्या काही कंपन्या गेम अस्सल आहे का ते तपासतात, बॉक्सला १० पैकी गुण देतात आणि सीलची स्थितीही बघतात. २०२१मध्ये ९.८ गुणांचा सीलबंद ‘सुपर मारिओ ६४’ १५ लाख ६० हजार डॉलरला विकला गेला. तोच गेम सुटा घेतला तर काही हजार रुपयांत मिळतो. म्हणजे खरी किंमत वेष्टनाची!

म्हणून पाठवताना:

१. आधी सगळ्या बाजूंचे फोटो काढा.
२. गेम प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, मग बबल रॅप सैल गुंडाळा. चिकटपट्टी गेमला लागता कामा नये.
३. खोक्यात खोकं ठेवा. मध्ये चारी बाजूंनी दोन इंच भराव.
४. हलवून बघा. आवाज आला तर अजून भरा.
५. पार्सल उन्हात किंवा भट्टीजवळ ठेवू नका; उष्णतेने सील आकसतं.
६. खरी किंमत लिहा, विमा घ्या, पावती जपा.

घाई करू नका. सील एकदा गेलं की गेलं!