एवढ्याशा पायांवर एवढे मोठे सरदार!

खापरखेड्याच्या मुलामुलींनो, तुमच्या वीज केंद्राची चिमणी आज जरा नीट बघा बरं. बुडाशी जाडजूड आणि वर जाता जाता बारीक. सगळा भार खाली येतो ना, म्हणून!

आता गुजरातेत नर्मदेकाठी उभे असलेले सरदार पटेल आठवा. उंची 182 मीटर! खांद्यांवर शाल, म्हणून वर रुंद. आणि खाली? चपला घातलेले दोन पाय, तेही चालल्यासारखे सुटे सुटे. चिमणीच्या अगदी उलट! मग ते पडत कसे नाहीत?

या पुतळ्याचे शिल्पकार राम सुतार. जन्म 1925 साली, धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, अजिंठा-वेरूळच्या झिजलेल्या शिल्पांची डागडुजी केली. पुढे गांधीसागर धरणापाशी त्यांनी 45 फूट उंचीची चंबळ नदी घडवली. नदी म्हणजे आई आणि तिची दोन मुलं म्हणजे मध्य प्रदेश आणि राजस्थान. पाणी वाटून घेणाऱ्या राज्यांना भावंडं करून टाकलं, हे मला फार फार आवडतं.

सरदारांचा पुतळाही त्यांनी आधी लहान केला, मग 30 फुटांचा. तोच वीसपट वाढवला की झालं? छे! पोळ्याला करता तसा मातीचा बैल करा. मग सगळी मापं दुप्पट घेऊन दुसरा करा. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दुप्पट, म्हणून माती लागेल आठपट. पण पाय आडवा कापला तर कापलेली जागा भरेल फक्त चौपट. म्हणजे पायांवर दाब दुप्पट! ओला बैल मटकन बसेल. वीसपट केलात, तर दाबही वीसपट.

म्हणून सरदार भरीव नाहीत. आत काँक्रीटचे दोन भक्कम गाभे, भोवती पोलादी सांगाडा, अंगावर कांस्याचे पत्रे. जोराचा वारा सुटला की एवढा मोठा पुतळासुद्धा किंचित डुलतो. त्यासाठी आत 250 टनांची दोन वजनं आहेत. पुतळा एकीकडे झुकला की वजन मागे रेंगाळतं, त्याला उलट ओढतं आणि डुलणं लवकर थांबतं.

31 ऑक्टोबर 2018 ला पुतळ्याचं अनावरण झालं, तेव्हा सुतार आजोबा 93 वर्षांचे होते!

तुमचा मोठा बैल बसला का? त्याच्या पायांत खराट्याच्या काड्या खुपसा आणि पुन्हा उभा करून बघा.