मोटारसायकलचा दिवा : उजेड किती आणि कोठें?

रात्रीं मोटारसायकलवरून प्रवास करणें हें आतां खेड्यापाड्यांतहि नित्याचें झालें आहे. कोणाचे वडील कारखान्याच्या दुसऱ्या पाळीवरून घरीं परततात, कोणी पहाटेच्या अंधारांत दुधाचे कॅन घेऊन निघतो, कोणी आजाऱ्यास मागें बसवून तालुक्याच्या दवाखान्याची वाट धरतो. अशा वेळीं स्वाराचा सारा भरंवसा मुठीएवढ्याहि नसलेल्या एका बल्बवर असतो. उसाच्या हंगामांत तर मागें तांबडा दिवा नसलेल्या बैलगाड्या व ट्रॉल्या एकाएकीं समोर उभ्या राहतात. तेव्हां दिव्याचा उजेड वाढवावा अशी इच्छा होणें स्वाभाविक आहे. परंतु बाजारांतील सर्वांत प्रखर बल्ब आणून बसविला कीं अधिक दिसूं लागेल, ही समजूत मात्र तपासून पाहण्यासारखी आहे. आणि ह्या लेखांत तेंच करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम उजेड किती दूर पोंचावयास हवा हें पाहूं. ताशीं ६० किलोमीटर वेगानें धांवणारी गाडी एका सेकंदांत जवळजवळ १७ मीटर जाते. अडथळा दिसणें, तो काय आहे हें ओळखणें व ब्रेक दाबणें ह्यांस दीड सेकंद लागला असें धरलें, तर तेवढ्यांतच २५ मीटर सरले. पुढें कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला तरी गाडी थांबण्यास आणखी सुमारें २८ मीटर लागतात. एकूण ५३ मीटर झाले. काळें घोंगडें पांघरलेला मनुष्य साध्या डिपरच्या उजेडांत इतक्या लांबून दिसणें कठीण. हाच हिशेब ताशीं ४० किलोमीटर वेगास लावला तर अवघ्या २९ मीटरांवर येतो. तात्पर्य, वेग कमी करणें हाच दिवा सुधारण्याचा पहिला व बिनखर्चाचा उपाय होय.

दुसरा हिशेब आमच्या विद्यार्थ्यांस पदार्थविज्ञानाच्या तासास भेटलेला आहे. अंतर दुप्पट झालें कीं तोच उजेड चौपट क्षेत्रावर पसरतो, व प्रत्येक ठिकाणीं त्याचा चतुर्थांशच पोंचतो. म्हणून दिव्याचा उजेड दुप्पट केला तरी स्पष्ट दिसण्याचें अंतर दुप्पट होत नाहीं. तें सुमारें १.४ पट होतें. खर्च व उष्णता मात्र ह्या हिशेबानें सवलत देत नाहींत.

आतां बल्बच्या अंतरंगाकडे वळूं. साध्या बल्बमध्यें टंगस्टन धातूचा तंतु विजेनें तापून प्रकाशतो. तापलेल्या टंगस्टनची हळूहळू वाफ होऊन ती कांचेवर काळसर थराच्या रूपानें बसते, आणि बल्ब दिवसेंदिवस मंदावतो. ह्यावर तोडगा म्हणून बल्बमध्यें आयोडीन अगर ब्रोमीन ह्या जातीचें मूलद्रव्य थोडेंसें घालतात. तें उडालेल्या टंगस्टनशीं संयोग पावून त्यास तंतूकडे परत आणतें. कांच स्वच्छ राहते व तंतु अधिक तापवितां येतो. असा हॅलोजन बल्ब मोटारींच्या दिव्यांत १९६२ सालीं युरोपांत आला, आणि अपर व डिपर असे दोन्ही तंतु एकाच कांचेंत असलेला एच-४ जातीचा बल्ब १९७१ सालीं निघाला. त्याच घडणीचा धाकटा भाऊ एचएस-१ होय. आपल्याकडील पुष्कळ लहान मोटारसायकलींस तोच असतो. एचएस-१ मध्यें दोन्ही तंतु ३५ वॅटचे असून अपरचा उजेड सुमारें ८२५ ल्युमेन व डिपरचा ५२५ ल्युमेन असतो. एच-४ मध्यें तेच आंकडे ६० व ५५ वॅट आणि १६५० व १००० ल्युमेन असे आहेत.

मग धाकट्याच्या जागीं थोरला बसविला तर? येथें तारांचा विचार करावा लागतो. १२ व्होल्टच्या गाडींत ३५ वॅटच्या तंतूस सुमारें ३ अँपियर प्रवाह लागतो, तर ६० वॅटच्या तंतूस ५ अँपियर. तारेंत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणजे त्याच बारीक तारेंत आतां जवळजवळ तिप्पट उष्णता होऊं लागते. होल्डर वितळणें, स्विच जळणें, बॅटरी उतरणें हे प्रकार ह्यांतूनच उद्भवतात. शिवाय १ एप्रिल २०१७ पासून भारतांतील नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालूं असेपर्यंत जळतच राहतो. तेव्हां हा जादा भार रात्रंदिवस पडणार. ज्यांच्या गाडीस मुळांतच एच-४ आहे, त्यांनींहि ९० अगर १०० वॅटच्या बल्बाच्या मोहांत पडूं नये.

उलट पक्षीं, आहे त्याच बल्बचा उजेड कोठें हरवतो हें शोधणें फलदायी ठरतें. बल्बपर्यंत पोंचणारा विजेचा दाब १० टक्क्यांनीं घटला तर उजेड सुमारें ३० टक्क्यांनीं घटतो. गंजलेला अर्थिंगचा जोड, सैल झालेला होल्डर, झिजलेला स्विच हे त्या दाबाचे चोर होत. इंजिन चालूं ठेवून मेकॅनिककडून बॅटरीवरचा व होल्डरवरचा दाब मीटरनें मोजून घ्यावा. फरक मोठा दिसल्यास जोड साफ करावे, अथवा जाड तार, फ्यूज व रिले घालून बॅटरीपासून दिव्यास सरळ वीज द्यावी. पुष्कळदां नवा बल्ब आणण्याची गरजच उरत नाहीं.

तथापि उजेड किती, ह्याहून तो कोठें पडतो हा प्रश्न मोठा आहे. दिव्याच्या पाठीमागचा चकचकीत परावर्तक अन्वस्ताच्या आकाराचा असतो. त्याच्या नाभीजवळ असलेल्या अपरच्या तंतूचे किरण सरळ समोर जातात. डिपरचा तंतु नाभीच्या किंचित् पुढें असून त्याच्या खालीं धातूची इवलीशी पन्हळ असते. ती खालच्या बाजूस जाणारे किरण अडविते, व वरच्या अर्ध्या भागावर पडलेले किरण तेवढे परतून रस्त्याकडे उतरतात. कांहीं मिलिमीटरांचीच ही योजना; परंतु समोरून येणाऱ्याचे डोळे तिच्यावर अवलंबून असतात. ह्याच होल्डरमध्यें एलईडीचा सुटा बल्ब बसविला, तर तो थोड्या विजेंत पुष्कळ उजेड देतो खरा. पण त्याच्या चकत्या तंतूच्या नेमक्या जागीं व नेमक्या आकाराच्या नसल्या, तर झोत विस्कटून वर उडतो. जवळचा रस्ता लखलखतो, दूरचा अंधारांतच राहतो, आणि स्वारास मात्र फार दिसत असल्याचा भास होतो. कारखान्यांतूनच एलईडी दिवा घेऊन आलेल्या गाड्यांची गोष्ट निराळी. तेथें दिवा व परावर्तक एकमेकांसाठींच घडविलेले असतात. निळसर रंगाच्या हॅलोजन बल्बांविषयीं एवढेंच सांगावेंसें वाटतें कीं, तो रंग कांचेवरील लेपाचा असतो, आणि लेप उजेड अडवितो, वाढवीत नाहीं.

प्रखर झोत डोळ्यांवर पडला कीं बाहुली आकुंचित होते, आणि अंधारास पुनः पूर्णपणें सरावण्यास डोळ्यांना अर्धा तासहि लागतो. दरम्यान समोरचा स्वार अक्षरशः आंधळा होऊन आपल्याच अंगावर येत असतो! म्हणूनच १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत असें घातलें आहे कीं, दिव्यापासून ८ मीटरांवर असलेल्या व जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर डोळे असलेल्या मनुष्यास डिपरच्या झोतानें दिपूं नये.

ह्याची परीक्षा घरींच करतां येते. चाकांत योग्य हवा भरून गाडी सपाट जमिनीवर भिंतीपासून १० मीटरांवर सरळ उभी करावी व स्वारानें तिच्यावर बसावें. डिपरच्या झोताची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षां १० ते १५ सेंटिमीटर खालीं पडली पाहिजे. मागें कोणी बसल्यास गाडीचें नाक वर उठतें व झोतहि उठतो. तेव्हां नेहमीं दोघे जात असतील तर दोघांनीं बसूनच दिवा लावून घ्यावा. दिव्याची कांच व चष्मा रोज पुसावा. हॅलोजन बल्बच्या कांचेस उघडें बोट लावूं नये. बोटाचें तेल त्या जागीं तापून कांच तडकते. बल्ब बदलावयाचा झाल्यास त्याच जातीचा, त्याच वॅटचा व नामांकित बनावटीचा घ्यावा.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं बहुतेकांस अठरा वर्षें पूर्ण होऊन परवाना मिळण्यास अवकाश आहे. परंतु दिव्याची कांच पुसणें, भिंतीवर झोत तपासणें व वडिलांस डिपरची आठवण देणें ह्या कामांस परवाना लागत नाहीं. शेजाऱ्यावर प्रेम करावें असें आम्ही वर्गांत शिकवितों. रात्रीच्या रस्त्यावर तो शेजारी समोरून येत असतो. त्याचें नांव आपणांस ठाऊक नसतें, तोंड दिसत नसतें, आणि त्याच्याहि घरीं कोणी दार उघडें ठेवून वाट पाहत असतें. तो जवळ येतांच अंगठ्यानें डिपर लावणें हें काम क्षणाचें आहे. पण त्यामुळें दोन्ही घरांचीं माणसें सुखरूप घरीं पोंचतात.