उतरलेले वजन टिकवावे कसे?

वाढलेले वजन उतरविण्याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. अमक्याने भात सोडला, तमकीने रात्रीचे जेवण बंद केले आणि सहा महिन्यांत दहा किलो उतरले, असे आपण ऐकतो. भेटेल तो त्या माणसाचे कौतुक करतो आणि "काय केलेत हो?" म्हणून विचारतो. पुढे दोन वर्षांनी तोच गृहस्थ पुन्हा पूर्वीच्या मापाचे कपडे शिवून घेतो, तेव्हा मात्र कोणी काही विचारीत नाही. जो तो मनातल्या मनात म्हणतो, 'जिभेवर ताबा राहिला नाही, दुसरे काय!' आणि दुःखाची गोष्ट ही की, तो गृहस्थ स्वतःही तसेच समजतो.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आमचे वजन ८४ किलो होते. आठ महिने भात, साखर आणि रात्रीचे जेवण वर्ज्य करून आम्ही ते ७३ वर आणले. त्यानंतर दीड वर्षात ते ८२ झाले. त्या दीड वर्षात आम्ही भूक लागली की स्वतःवर चिडत होतो आणि खाल्ले की स्वतःची लाज वाटून घेत होतो. आपले नेमके चुकले कोठे, याचा शोध घेऊ लागलो तेव्हा एक गोष्ट ध्यानी आली. वजन उतरविणे आणि उतरलेले टिकविणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. पहिले काम काही महिन्यांचे असते, दुसरे जन्माचे. पहिल्या कामाची हत्यारे घेऊन दुसरे काम करू गेल्यास ते साधत नाही.

यासाठी प्रथम शरीराचा जमाखर्च समजून घेतला पाहिजे. वजन कमी झाले की शरीराचा रोजचा खर्चही कमी होतो, कारण लहान देह चालविण्यास इंधन कमी लागते. इतकेच असते तर प्रश्न सोपा होता. पण आपले शरीर हजारो वर्षे दुष्काळाशी झगडत आलेले आहे. चरबीचा साठा घटला की 'दुष्काळ पडला' असे ते समजते आणि दोन उपाय योजते: खर्चात आणखी काटकसर करते, आणि भूक वाढविते.

याचा मोठा पुरावा दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिळाला. १९४४-४५ साली मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांवर, त्यांच्या संमतीने, एक प्रयोग केला. युद्धाने उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसे जेवू घालावे, हे त्यांना जाणून घ्यावयाचे होते. सहा महिने त्या तरुणांना गरजेच्या सुमारे निम्माच आहार दिला आणि त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश उतरले. पण त्याबरोबर हातपाय गार पडू लागले, मन उदास झाले, आणि अन्नावाचून दुसरा विचार सुचेना. ज्यांना स्वयंपाकात कधी रस नव्हता असे तरुण पाककृतींची पुस्तके वाचीत बसू लागले. प्रयोग संपून हवे तितके खाण्याची मोकळीक मिळाली, तेव्हा पोट भरले तरी भूक शमेना, आणि पुष्कळांच्या अंगावर पूर्वीपेक्षा अधिक चरबी चढली. हे तरुण काही दुबळ्या मनाचे नव्हते. सहा महिने उपासमार सोसणाऱ्यांना दुबळे कोण म्हणेल?

यामागची रासायनिक यंत्रणा पुढे उलगडली. १९९४ साली न्यूयॉर्क येथे जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लेप्टिन या द्रव्याचा शोध लावला. हे द्रव्य चरबीतून रक्तात उतरते आणि साठा पुरेसा असल्याची वर्दी मेंदूला देते. चरबी घटली की लेप्टिन घटते आणि मेंदू भुकेची घंटा वाजवू लागतो. ही घंटा थोड्या दिवसांत थांबते असेही नाही. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे ५० जणांचे वजन कमी आहारावर उतरविले. त्यांच्या रक्तातील भुकेची द्रव्ये एक वर्षानंतरही मूळ पातळीवर आलेली नव्हती, असे २०११ साली प्रसिद्ध झाले. २०१६ साली केव्हिन हॉल आदी अमेरिकन संशोधकांनी अंदाज बांधला तो असा की, उतरलेल्या दर किलोमागे शरीराचा रोजचा खर्च २० ते ३० उष्मांकांनी, म्हणजे ज्यांना आपण कॅलरी म्हणतो त्यांनी, कमी होतो. पण भूक मात्र दर किलोमागे सुमारे १०० उष्मांकांनी वाढते. म्हणजे खर्चातील काटकसरीपेक्षा भुकेचा रेटा कितीतरी मोठा. दहा किलो उतरविलेल्या माणसाला जी भूक लागते ती खोटी नसते, आणि तो त्याच्या शीलाचा दोषही नव्हे.

येथे कोणी म्हणेल, 'असे आहे तर मग प्रयत्न तरी कशाला करावा?' ही शंका योग्य आहे; पण निष्कर्ष योग्य नाही. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही ठेवली गेली. किमान साडेतेरा किलो वजन उतरवून ते निदान एक वर्ष टिकविलेल्या लोकांचीच नावे तीत घेतली जात. अशी दहा हजारांहून अधिक नावे तीत नोंदली गेली. ही यशस्वी लोकांची, त्यांनी स्वतःच दिलेली माहिती आहे, हे ध्यानात ठेवूनही तीतून शिकण्यासारखे बरेच आहे. त्यांतील बहुतेक जण रोज सुमारे तासभर चालत किंवा अन्य व्यायाम करीत; चारांपैकी तीन जण आठवड्यातून एकदा तरी वजन करीत; बहुतेक जण सकाळची न्याहारी चुकवीत नसत; आणि सुटीच्या दिवसाचे जेवण व कामाच्या दिवसाचे जेवण यांत ते फारसा फरक ठेवीत नसत. यांत अद्भुत असे काहीच नाही. त्यांनी उपास धरलेला नव्हता, घडी बसविली होती.

आता मुख्य प्रश्न: खावे काय? भुकेशी भांडून ती हरत नाही, म्हणून तिला योग्य ते अन्न द्यावे, हे पहिले सूत्र. ज्या अन्नात प्रथिने, चोथा आणि पाणी अधिक, त्याने थोड्या उष्मांकांत पोट भरते आणि भरलेले राहते. युरोपातील आठ देशांत, आधी वजन उतरविलेल्या लोकांवर झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्या आहारात प्रथिने थोडी अधिक होती आणि पिष्टमय पदार्थ सावकाश पचणारे होते, त्यांचेच वजन सर्वांत चांगले टिकले.

प्रथिनांचे महत्त्व आपल्या लोकांना विशेष आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा मित्रांनी २००४ साली आपले एकत्र छायाचित्र एका वैद्यकीय नियतकालिकात छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण युडकिन यांच्या अंगात चरबी होती सुमारे ९ टक्के, आणि याज्ञिकांच्या अंगात २१ टक्के! भारतीय माणूस दिसावयास सडपातळ असूनही आतून मेदस्वी असू शकतो, हे त्या एका चित्राने जगाला पटविले. म्हणून आपण काट्याइतकेच कमरेकडेही पाहिले पाहिजे. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर व स्त्रियांची ८० सेंटिमीटर यांच्या आत असावी, असे आपल्याकडील वैद्यकाचे सांगणे आहे. नुसत्या उपासाने वजन उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात. परत येते ती मात्र बहुतांशी चरबी. स्नायू राखावयाचे तर पुरेशी प्रथिने आणि अंगमेहनत दोन्ही हवीत.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दोन हजार उष्मांकांचे एक आदर्श ताट सांगितले आहे. दिवसाला कच्च्या मापाने धान्ये २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये (किंवा त्यांच्याऐवजी काही अंशी अंडी, मासे, मांस) ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर, दाणे व तेलबिया ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम. हे माप आपल्या घरातील ताटाशी ताडून पाहावे. २५० ग्रॅम धान्य म्हणजे सकाळचे बशीभर पोहे, दिवसभरात चार मध्यम पोळ्या आणि एक मूद भात. तेवढ्यात कोटा संपला! आपण बहुतेक जण यापेक्षा बरेच अधिक खातो. उलट ८५ ग्रॅम डाळ आपल्या पोटात जात नाही. वाटीच्या तळाशी डाळ आणि वर पाणी असे आपले वरण असते. तेव्हा फेरफार करावयाचा तो एवढाच: वरण घट्ट करावे, दोन्ही वेळा वाटीभर मटकीची, मुगाची किंवा चवळीची उसळ नाही तर पिठले असावे, भाजी चमचाभर न वाढता वाटीभर वाढावी, कोशिंबीर तोंडी लावण्यापुरती न ठेवता जेवणाचा भाग करावी, ताक घ्यावे, आणि मग भूक उरेल तितकी भाकरी-पोळी खावी. ज्याचा देह लहान किंवा काम बैठे, त्याने धान्य व तेल आणखी कमी करावे. डाळ व भाजी कमी करू नये. मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असणाऱ्यांनी हे बदल डॉक्टरांना विचारूनच करावेत.

दुसरे सूत्र असे की, न दिसणारे खाणे दिसू द्यावे. तेल-तुपाच्या एका ग्रॅममध्ये ९ उष्मांक असतात, साखरेच्या एका ग्रॅममध्ये ४. दिवसात चार कप चहा आणि दर कपात दोन चमचे साखर म्हणजे १६० उष्मांक झाले, आणि भूक तिळभरही भागली नाही. तेलाचा हिशेब महिन्याच्या वाणसामानात सापडतो. माणशी रोज २७ ग्रॅम धरल्यास चार माणसांच्या घरात तेल व तूप मिळून महिन्याला सव्वातीन किलो पुरेसे आहे. आमच्या घरी आम्ही हा हिशेब मांडला तेव्हा पाच किलोंच्या वर निघाला! फरसाण, बिस्किटे आणि तयार पाकिटांतले खाणे यांचीही हीच गोष्ट. २०१९ साली हॉल यांनीच २० जणांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले खाणे व दोन आठवडे साधे घरगुती धाटणीचे जेवण हवे तितके खाऊ दिले. तयार खाण्यावर तीच माणसे रोज सुमारे ५०० उष्मांक अधिक खात होती. म्हणून चिवड्याचा डबा हाताशी ठेवून मग मनोनिग्रह करण्यापेक्षा डबाच फडताळात वर ठेवावा. 'दृष्टीआड सृष्टी' ही म्हण येथे उपयोगी पडते.

तिसरी गोष्ट उपवासाची. आपल्याकडे 'एकादशी अन् दुप्पट खाशी' असे म्हणतात ते उगीच नव्हे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात तूप, दाण्याचे कूट आणि वर तळलेली पापडी! श्रद्धेने उपवास करावयाचा तर जरूर करावा, पण वजनाच्या खात्यात तो जमा धरू नये. आणि सण? सण साजरे करावेत. आंब्याच्या दिवसांत रस न खाणारा मनुष्य आषाढात कशावर तरी तुटून पडणारच. बिनसाखरेच्या वाटीभर रसात शंभराच्या आसपास उष्मांक असतात. तेवढेच एकेका तळलेल्या पुरीत असू शकतात. रस पोळीशी खावा आणि दुसऱ्या दिवशी नित्याच्या ताटावर यावे. सण बाधत नाही. सणानंतरचे पंधरा दिवस बाधतात.

एक गोष्ट घरातील मंडळींस सांगावयाची आहे. वजन उतरविलेल्याला वेगळे ताट वाढून त्याच्यासमोर बाकीच्यांनी भजी खाणे, ही त्याची परीक्षा पाहणे होय. सर्वांचे जेवण एकच असावे. आणि आपल्याकडे सर्वांच्या मागून जेवणारी गृहिणी पातेल्यात उरलेले 'वाया जाऊ नये' म्हणून संपविते, तिच्या वजनाची चर्चा करण्याआधी आपण ताटात किती टाकले हे पाहावे. मोजून रांधणे आणि बरोबर जेवायला बसणे हे तिच्यासाठी कोणत्याही पथ्याहून अधिक गुणकारी आहे.

अलीकडे भूक कमी करणारी इंजेक्शने आपल्या देशातही मिळू लागली आहेत. ज्यांना डॉक्टर ती देतात त्यांनी संकोच मानण्याचे कारण नाही. पण सेमाग्लुटाइड हे औषध थांबविलेल्यांचे उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश एका वर्षात परत आले, असे २०२२ साली दिसून आले. म्हणजे औषध घ्या अथवा न घ्या, ताटाची घडी बसविण्याचे काम सुटत नाही.

आम्ही दुसऱ्यांदा वजन उतरविले ते सावकाश, आणि ७६ वर थांबलो. ७३ चा हट्ट सोडला, कारण तेथे राहावयाचे तर सदैव उपाशी राहावे लागत होते. दर रविवारी सकाळी वजन करून पंचांगाच्या पानावर लिहितो. दोन किलो वाढले तर त्याच आठवड्यात चहाची साखर, तळण आणि चालणे यांकडे पाहतो. दहा किलो होण्याची वाट पाहत नाही. रोज संध्याकाळी तासभर चालतो. भूक अजूनही पूर्वीपेक्षा अधिक लागते. पण आता आम्ही तिच्यावर रागावत नाही, तिला उसळ आणि ताक देतो. याला चार वर्षे झाली. आपल्यापैकी कोणाचे उतरलेले वजन परत आले असेल, तर त्यांनी आधी ती लाज मनातून काढून टाकावी, आणि आज रात्रीच्या जेवणात वरण थोडे घट्ट करून पाहावे.